‘आय५, १६ जीबी, ३०६०’ एवढ्यावर पैसे देऊ नका: नागपुरात पार्ट घेताना झालेली एक फसवणूक

लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्या मानेवाड्याच्या एका तरुणाने पहिला डेस्कटॉप स्वतः जोडायचा म्हणून बर्डीवरच्या एका दुकानातून सगळे पार्ट घेतले. कोटेशन वहीच्या पानावर, पाच ओळींचं: ‘आय५ ट्वेल्थ जेन, १६ जीबी रॅम, १ टीबी एसएसडी, ३०६० कार्ड, ६५० वॉट एसएमपीएस’ (मशीनला वीज पुरवणारा डबा). मशीन चालू झालं. पण सोनीच्या कॅमेऱ्याचं फोरके फुटेज टाइमलाइनवर अडखळायचं आणि एक्स्पोर्ट अर्ध्यात असताना मशीन एकदम बंद पडायचं. दुकानदाराचं उत्तर ठरलेलं: “भाऊ, मे महिना आहे, खोलीत कूलर लावा.”

नागपुरात मे महिन्यात हे उत्तर कुणालाही पटतं, म्हणूनच ते दिलं जातं. प्रत्यक्षात त्या पाच ओळींपैकी पहिल्या चार अक्षरशः खऱ्या होत्या. फसवणूक झाली ती न लिहिलेल्या भागात.

प्रोसेसर घ्या. बोलणं आय५-१२४०० चं झालं होतं, हातात पडला १२४००एफ. शेवटच्या ‘एफ’चा अर्थ चिपमध्ये ग्राफिक्स नाही, म्हणजे व्हिडिओ झटपट उलगडणारी इंटेलची क्विक सिंक सोय नाही. गेम खेळणाऱ्याला याने फरक पडत नाही, एडिटरला पडतो. सोनीचं एक्सएव्हीसी एचएस प्रकारातलं फुटेज १० बिट ४:२:२ मध्ये (जास्त रंगमाहिती ठेवून) शूट केलं असेल तर ते एच.२६५ या जास्त दाबलेल्या प्रकारात असतं. एनव्हिडियाची आरटीएक्स ५० मालिकेच्या आधीची कार्डं असं ४:२:२ फुटेज हार्डवेअरवर डिकोड करत (उलगडत) नाहीत, आणि ३०६० हे ग्राफिक्स कार्ड त्यातलंच. १२४०० च्या आतलं यूएचडी ७३० ग्राफिक्स ते करतं. म्हणजे साध्या १२४०० वर प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये जे फुटेज सरळ चाललं असतं, ते १२४००एफ वर सगळा भार प्रोसेसरच्या कोअरवर टाकून अडखळत चालतं. (साधा १२४०० घेतलात आणि वेगळं कार्डही लावलंत, तर बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, आतलं ग्राफिक्स चालू ठेवायला विसरू नका. बरेच बोर्ड कार्ड दिसताच ते बंद करतात.) एफची किंमत कमी असते. साध्या चिपचे पैसे घेऊन एफ दिला की फरक दुकानदाराच्या खिशात.

३०६० च्या खोक्यावर ३०६० लिहिलेलं होतंच, आणि कोपऱ्यात ८ जीबीही. हे कार्ड दोन प्रकारांत आलं. मूळचं १२ जीबीचं, १९२ बिट बसचं (बस म्हणजे मेमरीकडे जाणारा रस्ता). २०२२ च्या अखेरीस आलेलं ८ जीबीचं, १२८ बिटचं. कुडा कोअर (कार्डावरचे गणना करणारे भाग) दोन्हींत ३५८४ असल्याने वरवर पाहणाऱ्याला दोन्ही सारखीच वाटतात, पण मेमरीचा वेग सेकंदाला ३६० जीबीवरून २४० वर येतो. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये मोठा सीन किंवा रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये नॉइज रिडक्शन लावलं की ८ जीबी भरतात. तिसरा प्रकार याहून वाईट: लॅपटॉपची चिप डेस्कटॉप कार्डावर बसवलेलं ६ जीबीचं ‘३०६०एम’, ज्याला इथे कुणी वॉरंटी देत नाही.

रॅम १६ जीबीची एकच स्टिक होती, २६६६ वेगाची. ८-८ च्या दोन, ३२०० च्या हव्या होत्या. एका स्टिकवर मेमरीचा रस्ता निम्मा होतो. एसएसडी १ टीबीची होती, पण एम.२ आकारातली (लांबट पट्टीची) साटा, म्हणजे जुन्या, हळू जोडणीची: सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास. त्याच आकारातली जेन३ एनव्हीएमई (नव्या, वेगवान जोडणीची) ३००० च्या पुढे जाते. साटाच्या पट्टीला सहसा दोन खाचा असतात, एनव्हीएमईला एक. खात्री हवी तर क्रिस्टलडिस्कइन्फो या ड्राइव्ह तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘इंटरफेस’ची ओळ पाहा. तिथेच ‘पॉवर ऑन अवर्स’ही दिसतात. नव्या म्हणून घेतलेल्या ड्राइव्हवर शेकडो तास असतील तर ती वापरलेली आहे.

आता एसएमपीएस, कारण मशीन बंद पडत होतं ते याच्यामुळे. खोक्यावर ६५० वॉट छापलेलं होतं. स्टिकरवर +१२ व्होल्टच्या रकान्यात मात्र १८ अँपिअर. १२ गुणिले १८ म्हणजे २१६ वॉट, आणि प्रोसेसर, कार्ड दोन्ही याच लाइनवर चालतात. १२४००एफ पूर्ण जोरात ११७ वॉटपर्यंत जातो, ३०६० ला १७० वॉट लागतात. पंखे, ड्राइव्ह, बोर्ड धरून साडेतीनशेच्या जवळ. एक्स्पोर्टला प्रोसेसर आणि कार्ड एकदम जोर लावतात आणि एसएमपीएस हात वर करतो. चांगल्या कंपनीच्या ५५० वॉटच्या, ८० प्लस ब्रॉन्झ (वीज कमी वाया घालवण्याचं प्रमाणपत्र) असलेल्या युनिटवर त्याच रकान्यात ४० च्या वरचा आकडा दिसतो. मोठ्या अक्षरातले वॉट बघूच नका, हा रकाना वाचा.

उन्हाचा दोष की एसएमपीएसचा, हेही घरी कळतं. एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर चालू ठेवून एक्स्पोर्ट लावा. इंटेलचा प्रोसेसर १०० अंशांजवळ गेला की आधी वेग कमी करतो, झटक्यात बंद होत नाही. प्रोसेसर ७५ वर, कार्ड ७० वर आणि स्क्रीन अचानक काळी, तर दोष बहुधा विजेच्या बाजूचा.

याच जातीचे आणखी प्रकार बाजारात फिरतात. ‘आय७, १६ जीबी’ म्हणून स्वस्तात मिळणारं मशीन पुष्कळदा २०१२ च्या आय७-३७७० वर उभं असतं: चार कोअर, डीडीआर३, विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही. जीटीएक्स १०५० टीआय नावाने एनव्हिडियाच्या जुन्या फर्मी पिढीच्या चिपची, बायोस बदललेली कार्डं विकली गेली आहेत. त्यांना व्हीजीए पोर्ट असेल तर तिथेच थांबा, कारण १०५० टीआयची चिप व्हीजीए देतच नाही. जीपीयू-झेड हे कार्ड तपासणारं सॉफ्टवेअर अशा कार्डाच्या नावापुढे ‘फेक’ लिहून दाखवतं. ‘ओरिजिनल विंडोज’चे पैसे घेतले असतील तर ॲक्टिव्हेशनच्या पानावर ‘युवर ऑर्गनायझेशन्स ॲक्टिव्हेशन सर्व्हिस’ हे शब्द येता कामा नयेत. ते संस्थांसाठीचं ॲक्टिव्हेशन आहे, आणि तुमची कुठलीही ऑर्गनायझेशन नाही.

पैसे देण्याआधी प्रत्येक पार्टचा पूर्ण मॉडेल नंबर कोटेशनवर लिहून घ्या: अक्षरांसकट प्रोसेसर, जीबीसकट कार्ड, स्टिकची संख्या आणि वेग, एसएसडी आणि एसएमपीएसचं कंपनीसकट नाव. ‘तेच आहे हो, सगळं सेम’ असं म्हणून जो लिहायला टाळतो, त्याच्याकडून घेऊ नका. सीलबंद खोकी काउंटरवरच, मोबाइलवर व्हिडिओ चालू ठेवून उघडा. सीरियल नंबर बिलावर उतरवून घ्या, वॉरंटीच्या वेळी तेच मागतात.

कच्च्या बिलाचा मोह सर्वांत महाग पडतो. ‘१८ टक्के जीएसटी वाचवतो’ म्हणणारा दुकानदार तुमचा पुरावा वाचवून घेतो, स्वतःसाठी. पक्क्या बिलावरचा जीएसटी क्रमांक १५ अंकाक्षरांचा असतो, महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो, आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर तो टाकला की दुकानाचं नाव दिसतं.

वर सांगितलेलं घडूनच गेलं असेल तर मशीन आहे तसं ठेवा आणि जीपीयू-झेड, सीपीयू-झेड, क्रिस्टलडिस्कइन्फोचे स्क्रीनशॉट, एसएमपीएसच्या स्टिकरचा फोटो काढा. दुकानाला लेखी कळवा, व्हॉट्सॲपवर तरी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणंही त्यातच येतं. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी तक्रार नोंदवा. तिथे सुटलं नाही तर नागपूर जिल्हा ग्राहक आयोग आहे. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी लागत नाही, वकील सक्तीचा नाही, आणि तक्रार प्रकरण घडल्यापासून २ वर्षांत करता येते. वहीच्या पानावरचं कोटेशनही जोडा. त्यावर दुकानदाराचं अक्षर असतं.