लाइटचं काम: पॉइंटवर द्यावं की उक्तं?

घरातल्या लाइटचं काम काढलं की इलेक्ट्रिशियन पहिल्याच भेटीत विचारतो, "पॉइंटवर करायचं की उक्तं?" सामान आपण आणणार हे धरूनच पुढचं लिहितोय. सामानासकट काम द्यायला माझं मन धजत नाही, कारण पाइपात गेलेली वायर किती जाडीची आणि कुठल्या कंपनीची, हे नंतर कोणालाच दिसत नाही. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लोहार चाळीत एक दुपार घालवली तर वायरची बंडलं, स्विच, प्लेटा, दिवे सगळं डोळ्यांसमोर निवडून घेता येतं. मग उरतो तो मजुरीचा प्रश्न. पॉइंटवर म्हणजे दिवा, पंखा, सॉकेट अशा एकेका जागेमागे ठरलेली मजुरी, आणि उक्तं म्हणजे सगळ्या कामाची मिळून एकच ठरलेली रक्कम.

पुण्यातल्या फ्लॅटचं काम मी पॉइंटवर करून घेतलं आणि नंतर साताऱ्याकडचं आईवडिलांचं घर उक्तं दिलं. दोन्हीकडची माणसं कामाला चोख होती, दोन्ही घरांतले दिवे आजही बिनतक्रार चालू आहेत. त्यामुळे यातला एक प्रकार वाईट, असं मी म्हणणार नाही. पण पुन्हा करायचं झालं तर कुठला, हे माझं ठरलेलं आहे.

पॉइंटच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. तीन जणांकडून दर घेतले की लगेच तुलना होते. पुण्यात मला नुसत्या मजुरीचे दर पॉइंटला 250 ते 350 रुपये असे आले. गावानुसार, इमारतीनुसार आणि भिंत फोडायची आहे की नाही त्यानुसार ते बदलतात. काम चालू असताना बेडरूममधला एखादा दिवा नको वाटला तर तेवढे पैसे वाचतात. काय कुठे लावायचं हे अजून ठरत नसेल, तर ही मोकळीक मोठी आहे. शिवाय जितकं काम तितके पैसे, म्हणून कामगारही खूश असतो.

मला नकोसं झालं ते शेवटच्या दिवशीचं मोजमाप. हॉलच्या पीओपी सीलिंगमध्ये दहा डाऊनलाइट (सीलिंगच्या भोकात बसणारे छोटे दिवे) होते, तीन स्विचवर वाटलेले, आणि कडेने कोव्हमध्ये, म्हणजे सीलिंगच्या कडेच्या खोबणीत, एलईडी पट्टा, त्याला चौथा स्विच. इलेक्ट्रिशियन खोलीच्या मधोमध उभा राहून बोट वर करून एकेक दिवा मोजू लागला आणि प्रत्येक दिव्याचा एक पॉइंट लिहीत गेला. मी स्विच मोजत होतो. 250 रुपयांच्या दराने त्याचे अकरा पॉइंट, म्हणजे 2750 रुपये. माझे चार, म्हणजे 1000 रुपये. दर दोघांनाही मान्य होता, छत तेच होतं, आणि रकमेत पावणेतीनपट फरक. वर त्याने सांगितलं, "साहेब, हे वायरिंगचं झालं. फिटिंगचं दिव्यामागे ऐंशी वेगळं." मग पलंगाशेजारचा टू-वे आला. दिवा एक, पण स्विच दोन जागी, म्हणून त्याने दोन पॉइंट धरले. गीझरचा पॉवर पॉइंट दुप्पट. बोर्डावरच्या सॉकेटचा अर्धा. प्रत्येक खोलीत हीच बोलणी, आणि ती अशा माणसाशी, ज्याने आठवडाभर घरात मान मोडून काम केलंय. पैशांपेक्षा तो अवघडलेपणा मला जास्त लागला.

खरं तर त्याच्या मोजण्यातही तथ्य होतं आणि माझ्याही. स्विचपासून छतापर्यंतचा पहिला दिवा हेच खरं कष्टाचं काम. भिंतीत खाच मारा, पाइप बसवा, बोर्डाचा बॉक्स गाडा, वायर ओढा. त्याच स्विचवरच्या पुढच्या दिव्यांना सीलिंगच्या वरून एका भोकातून दुसऱ्या भोकात दोन-तीन मीटर वायर नेली की झालं. पण तीही शिडीवर उभं राहून, हात वर करून, आणि प्रत्येक जोड नीट बांधून. म्हणून अशा लूपमधल्या, म्हणजे पहिल्या दिव्यावरून पुढे जोडत नेलेल्या, दिव्याला निम्मा दर देणं मला न्याय्य वाटतं. त्या हिशेबाने माझ्या हॉलचे तीन पहिले दिवे, सात लूपचे आणि एक पट्टा मिळून साडेसात पॉइंट होतात, म्हणजे 1875 रुपये. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीतही एका स्विचवरचे लूपचे दिवे आणि दोन जागांहून चालणारा दिवा यांच्या बाबी साध्या पॉइंटपेक्षा वेगळ्या दिलेल्या आहेत. घरगुती कामात मात्र हे आधी कोणी बोलत नाही. पूर्वी खोलीत एक ट्यूब, एक बल्ब आणि एक पंखा असायचा, तेव्हा दिवा मोजा नाहीतर स्विच, आकडा जवळपास तोच यायचा. सीलिंगमध्ये दिव्यांची रांग आली आणि तो हिशेब विस्कटला.

गावाकडच्या घराला मी इलेक्ट्रिशियनला घेऊन खोलीखोलीत फिरलो. जिथे दिवा तिथे छताला फुली, जिथे बोर्ड तिथे भिंतीवर खडूने चौकोन, आणि कुठल्या बोर्डावरून कुठले दिवे चालणार त्याचे आकडे शेजारी. सगळं घर बघून झाल्यावर त्याने ओट्यावर बसून एकच रक्कम सांगितली. थोडी घासाघीस झाली आणि विषय संपला. त्यानंतर काम चालू असताना पैशांचा शब्द निघाला नाही. आई त्याला चहा देताना "भाऊ, देवघरातला दिवा जरा खाली घ्या" म्हणाली, तर त्याने तो घेतला. पॉइंटच्या कामात एवढ्यावरूनही माझ्या मनात हिशेब सुरू झाला असता.

उक्त्याची खोट मला दिसते. रक्कम बांधलेली असली की काम लवकर उरकण्याकडे कल होतो. वायर जवळच्या रस्त्याने नेणं, अर्थिंगची हिरवी वायर दिव्यापर्यंत न नेता मध्येच सोडणं, सीलिंगवर नुसती टेप गुंडाळून जोड मोकळा ठेवणं, हे सगळं अशा वेळी होऊ शकतं. दिव्यांच्या लाइनला लोड फार नसतो. 12 वॅटचे दहा एलईडी म्हणजे 120 वॅट, 230 व्होल्टला जेमतेम अर्धा अँपिअर. एक किंवा दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर त्याला पुरून उरते. सैल जोड मात्र लोड कमी असला तरी दिवा लुकलुकवतो, ठिणगी पाडतो, आणि सीलिंग बंद झाल्यावर तो सापडायला महाकठीण. म्हणून उक्तं देणाऱ्याने सीलिंगचे पत्रे किंवा पीओपी बसण्याआधी वरचे जोड स्वतः बघावेत आणि दिसेल तितक्याचे मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत. ज्याला कामावर थांबायला अजिबात वेळ नाही, त्याला कदाचित पॉइंटच बरा. घाई तिथेही होऊ शकते, पण निदान केलेलं काम मोजूनच पैसे दिले जातात.

रकमेचं म्हणाल तर नक्की तुलना करता येणार नाही, कारण शहर वेगळं, घर वेगळं. पण गावाकडच्या खुणा मी नंतर पुण्याच्या दराने मोजून बघितल्या. उक्त्याची रक्कम दिवे मोजून येणाऱ्या आकड्याच्या बरीच खाली आणि स्विच मोजून येणाऱ्या आकड्याच्या थोडी वर होती. माझ्या मते ती रास्त जागा आहे.

एक-दोन तुकडी कामं असतील, म्हणजे पंखा बदलायचा, एक पॅनल लाइट लावायचा, तर या सगळ्यात पडू नये. मोबाइलवरून कारागीर बोलावला की दर आधीच दिसतो आणि तासाभरात काम होतं. प्रश्न पूर्ण घराचा किंवा नव्या सीलिंगचा असतो तेव्हाच येतो. आणि पूर्ण घराला माणूस परवानाधारक असावा, हे दोन्ही प्रकारांत सारखंच.

दिवे ठरले असतील तर उक्तं द्या, असंच मी ओळखीच्यांना सांगतो. अजून ठरत नसतील तर आठ दिवस थांबून ठरवा आणि मग उक्तं द्या. रकमेत काय काय आलं ते एका चिठ्ठीवर लिहून दोघांनी सही करावी. त्यात तीन गोष्टी हमखास राहून जातात. खाचा बुजवून सिमेंट कोण मारणार? सीलिंगला भोकं पीओपीवाला पाडणार की इलेक्ट्रिशियन? (दिवे आधी आणून ठेवा, कटआऊटचं, म्हणजे भोकाचं, माप खोक्यावर असतं. भोक मोठं पडलं तर दिव्याची स्प्रिंग धरत नाही.) आणि जुन्या वायरी, जुने बोर्ड काढून नेणार कोण? पैसे तीन हप्त्यांत द्यावेत: पाइप आणि वायर झाल्यावर, बोर्ड बसल्यावर, आणि सगळे दिवे लागून एमसीबी (लोड जास्त झाला की वीज तोडणारा स्विच) व आरसीसीबी (वीजगळती झाली की वीज तोडणारा) तपासून झाल्यावर. वाढीव दिवा निघाला तर त्याचा दर काय, पहिल्याचा किती आणि लूपचा किती, हेही त्याच चिठ्ठीत खाली लिहावं. काम चालू झाल्यावर एखादा दिवा वाढतोच.