१९६७, १९७१, १९८४ की १९९१? इंग्रजी लोकप्रिय संगीताचं एकच वर्ष ऐकायचं असेल तर

इंग्रजी पॉप आणि रॉक मनापासून ऐकायचं ठरवलं की कुणी कलाकार धरून ऐकतं, कुणी प्रकार धरून. मी तिसरी वाट सुचवेन. एक वर्ष निवडा आणि ते पुरतं ऐका: त्या वर्षीचे गाजलेले अल्बम, आठवड्याच्या यादीत वरखाली होणारी सिंगल्स, म्हणजे सुटी निघालेली गाणी, आणि तेव्हा कुणी फारशा न विचारलेल्या रेकॉर्डसुद्धा. एका वर्षातले कलाकार एकमेकांना ऐकत असतात, एकमेकांच्या रेकॉर्डिंगला जाऊन वाजवत असतात, एकाच पिढीची यंत्रं हाताळत असतात. हे नातं कलाकारवार ऐकताना सुटून जातं.

पेच एवढाच, की वर्ष कोणतं? 'सर्वोत्तम वर्ष' म्हणून पुन्हा पुन्हा पुढे येतात ती १९६७, १९७१, १९८४ आणि १९९१. चौघांचेही दावे भक्कम आहेत. अलीकडचं एखादं हवं म्हणून २०१६ मी शेजारी ठेवलं आहे.

मोजायचं कशानं

सगळ्यांत सोपा उपाय म्हणजे त्या वर्षातले थोर अल्बम मोजणं. तो फसवा आहे. 'रोलिंग स्टोन' मासिकाने २००३ मध्ये ५०० सर्वश्रेष्ठ अल्बमची यादी केली, तेव्हा पहिला होता बीटल्सचा 'सार्जंट पेपर्स', म्हणजे १९६७. त्याच मासिकाने २०२० मध्ये नव्याने मतं मागवली, तेव्हा तो २४वा झाला आणि पहिल्या जागी मार्विन गेचा 'व्हॉट्स गोइंग ऑन' आला, म्हणजे १९७१. जोनी मिचेलचा 'ब्लू' ३०व्या जागेवरून थेट तिसऱ्या जागेवर गेला. रेकॉर्डमधला एक सूरही बदलला नव्हता. बदलले ते मत देणारे.

दुसरा अडसर आपल्या वयाचा. किशोरवयात आणि ऐन तारुण्यात ऐकलेली गाणी माणसाला जन्मभर जास्त जवळची वाटतात, हे मानसशास्त्राने वारंवार दाखवलं आहे. म्हणून माझा आग्रह असा, की तुम्ही सोळा-सतरा वर्षांचे होता ते वर्ष या स्पर्धेतून बाजूलाच ठेवा. त्याच्यावर प्रेम करा, पण त्याला परीक्षेला बसवू नका.

मी कसोटी लावतो ती दोन याद्यांची. एक यादी त्या वर्षी लोकांनी प्रत्यक्षात सर्वाधिक ऐकलेल्या संगीताची. दुसरी, त्या वर्षी निघालेल्या आणि पुढे टिकलेल्या संगीताची. आपण 'लोकप्रिय' संगीताचा दर्जा ठरवतो आहोत, त्यामुळे या दोन याद्यांमधलं अंतर महत्त्वाचं. उत्तम संगीत दरवर्षी कुठे ना कुठे तयार होतच असतं. ते त्या वर्षी रेडिओवर, लोकांच्या घरात किती पोचलं, यावरून वर्षाची पत कळते.

१९६७: शोधाचं वर्ष, पण दोन याद्या दूर

'सार्जंट पेपर्स', जिमी हेंड्रिक्सचा पहिला अल्बम, डोअर्सचा पहिला अल्बम, पिंक फ्लॉइडचा पहिला अल्बम, अरीथा फ्रँकलिनचं 'रिस्पेक्ट'. इतकी दारं एका वर्षात पुन्हा क्वचितच उघडली असतील. बीटल्स तेव्हा चार ट्रॅकच्या, म्हणजे आवाजाच्या चार सुट्या पट्ट्यांच्या, टेपवर काम करत होते. चारही ट्रॅक भरले की ते एकत्र करून दुसऱ्या यंत्रावर उतरवायचे आणि पुढचं वाजवायला जागा करायची. एकत्र केलेलं पुन्हा सुटं करता येत नसे, म्हणून प्रत्येक निर्णय तिथल्या तिथे आणि कायमचा. त्या अल्बममधला धीटपणा मला तरी या सक्तीतूनच आलेला वाटतो.

आता पहिली यादी पाहा, लोकांनी प्रत्यक्षात ऐकलेली. 'पेनी लेन' आणि 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर' ही बीटल्सची गाणी एकाच रेकॉर्डच्या दोन बाजूंना होती आणि ती रेकॉर्ड ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचू शकली नाही. वाट अडवली ती एंगलबर्ट हम्परडिंकच्या 'रिलीज मी' या सरळसाध्या विरहगीताने, आणि ते सहा आठवडे तिथे ठाण मांडून होतं. अमेरिकेत गाण्यांचे क्रमांक लावणाऱ्या बिलबोर्ड मासिकाच्या हिशेबाने वर्षाचं पहिलं गाणं ठरलं लुलूचं 'टू सर, विथ लव्ह'. गोड गाणं आहे, पण आपण आज ज्याला १९६७ म्हणतो ते तिथे नाही. वेल्व्हेट अंडरग्राउंडचा पहिला अल्बम मार्चमध्ये आला आणि जवळजवळ कुणी विकत घेतला नाही. नंतरच्या कित्येक बँडनी मात्र त्यातून धडे घेतले.

अरीथा हा या अंतराला सणसणीत अपवाद. ओटिस रेडिंगचं 'रिस्पेक्ट' तिने आपलं करून टाकलं आणि जूनमध्ये ते अमेरिकेत पहिलं आलं. त्या उन्हाळ्यात लोकांनी ऐकलेलं आणि पुढे टिकलेलं असं दोन्ही तिच्या आवाजात एकत्र सापडतं.

तळाचा थर मात्र या वर्षाचा कच्चा आहे. उलट्या फिरवलेल्या टेपा, मधूनच वाजणारी सतार, अर्थाचा पत्ता नसलेले शब्द, यांची नक्कल करणाऱ्या रेकॉर्डचा सुळसुळाट झाला होता, आणि त्यातल्या बऱ्याच आज ऐकवत नाहीत.

१९७१: अल्बमचं वर्ष

इथे मी जरा रेंगाळणार आहे.

सोळा ट्रॅकची यंत्रं तोवर मोठ्या स्टुडिओत रुळली होती. आता घाईने एकत्र करायची सक्ती नव्हती, आणि तरी एलपीच्या एका बाजूची साधारण वीस मिनिटांची मर्यादा कायम होती. मोकळीक आणि चौकट यांचा असा मेळ क्वचित बसतो. 'व्हॉट्स गोइंग ऑन' जेमतेम ३५ मिनिटांचा आहे. 'ब्लू' साधारण तेवढाच. दोन्हींत काढून टाकावं असं काही नाही.

एकमेकांच्या अंगणात वावर म्हणजे काय, तेही या वर्षात ऐकू येतं. कॅरोल किंगच्या 'टॅपेस्ट्री'वर जोनी मिचेल मागे गाते आहे. जोनीच्या 'ब्लू'वर जेम्स टेलर गिटार वाजवतो आहे. कॅरोलने लिहिलेलं 'यूव्ह गॉट अ फ्रेंड' जेम्सने गायलं आणि ते अमेरिकेत पहिलं आलं. तीन अल्बम सलग ऐकले तर एकाच घरातल्या तीन खोल्यांत फिरल्यासारखं वाटतं. 'टॅपेस्ट्री' अमेरिकेत सलग १५ आठवडे पहिल्या क्रमांकावर होता. म्हणजे त्या वर्षी लोक ऐकत होते ते आणि आज आपण मानतो ते, इथे एकच आहे.

मार्विन गेचा किस्सा या कसोटीसाठी फार बोलका. मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचे मालक बेरी गॉर्डी 'व्हॉट्स गोइंग ऑन' हे गाणं बाजारात आणायलाच तयार नव्हते. युद्ध आणि पोलिसांचा मार यांवरचं गाणं कोण घेणार, ही त्यांची भीती. जानेवारीत सिंगल आलं, धडाक्यात खपलं, आणि मग त्याच मालकांना अख्खा अल्बम हवासा झाला. श्रोता धंदेवाल्यांच्या अंदाजापेक्षा पुढे निघाला. लोकप्रिय संगीताच्या इतिहासातला हा क्षण मला सर्वांत आश्वासक वाटतो.

वर्षाच्या अखेरीला स्लाय स्टोनचं 'फॅमिली अफेअर' पहिलं आलं. त्याचा ठेका ड्रम मशीनचा, आवाज थकलेला, खोल गेलेला. इतकं विझलेलं गाणं लोकांनी डोक्यावर घ्यावं, हे आजही नवल वाटतं. 'लेड झेपेलिन'च्या चौथ्या अल्बममधल्या 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'चे ढोल एका जुन्या घराच्या जिन्यापाशी, वर माइक टांगून घेतलेले आहेत, आणि चांगल्या स्पीकरवर ती जागा स्पष्ट ऐकू येते. शिवाय रोलिंग स्टोन्सचा 'स्टिकी फिंगर्स' आणि हू या बँडचा 'हूज नेक्स्ट' आहेच.

उणीव? आहे. सिंगल्सची यादी अल्बमच्या मानाने फिकी. बिलबोर्डचं वर्षाचं पहिलं गाणं 'जॉय टू द वर्ल्ड' उत्साही आहे, त्यापलीकडे फार नाही. ब्रिटनमध्ये नाताळात पहिलं आलं विनोदी नट बेनी हिलचं दूधवाल्यावरचं गाणं. आणि हे बसून ऐकायचं वर्ष आहे, नाचायचं नव्हे.

१९८४: दोन याद्या जवळजवळ एक

माझ्या कसोटीवर गुण घालायचे तर पहिलं येतं १९८४. प्रिन्सचं 'व्हेन डव्ह्ज क्राय' हे बिलबोर्डच्या हिशेबाने वर्षाचं पहिलं गाणं, आणि त्यात बास वाद्यच नाही. प्रिन्सने ते काढून टाकलं. नाचायच्या गाण्यातून बास काढायचा आणि ते गाणं वर्षभरात सर्वांच्या पुढे जावं, असं धाडस आणि असा श्रोता दोन्ही एकाच वेळी मिळाले. ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या 'बॉर्न इन द यू.एस.ए.'मधली तब्बल सात गाणी अमेरिकेत पहिल्या दहांत गेली. टीना टर्नर ४४ वर्षांची असताना 'व्हॉट्स लव्ह गॉट टू डू विथ इट' घेऊन अव्वल ठरली. मॅडोनाचा 'लाइक अ व्हर्जिन' नोव्हेंबरमधला. रेडिओ लावावा आणि चांगलं गाणं लागावं, असं ते वर्ष होतं.

पण एक आकडा दोन्ही बाजूंनी वाचावा लागतो. त्या अख्ख्या वर्षात अमेरिकेत फक्त पाच अल्बम पहिल्या क्रमांकावर बसले. पाचही तगडे, हे खरं. दार अरुंद होतं, हेही खरं. १९८१ मध्ये सुरू झालेल्या एमटीव्ही या संगीत वाहिनीमुळे चेहरा आणि चित्रफीत निर्णायक ठरू लागली होती. यामाहाचा डीएक्स-७ हा सिंथेसायझर १९८३ मध्ये आला आणि त्याचे तयार आवाज बघता बघता सगळीकडे पसरले. अमेरिकेतल्या ५० वर्षांच्या सुमारे १७ हजार हिट गाण्यांचा संगणकीय अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. गाण्यांची विविधता घसरलेली त्यात ठळक दिसते ती ऐंशीच्या दशकाच्या मध्याला. सलग ऐकताना कानही तेच सांगतात: चाली वेगळ्या, पण ढोल आणि पियानो एकाच साच्यातले.

हस्कर डू आणि मिनटमेन या दोन बँडचे दुहेरी अल्बम त्याच वर्षी एका छोट्या कंपनीने काढले. त्या अरुंद दारातून ते आत येण्याची शक्यताच नव्हती.

१९९१: मोजमापच बदललं

या वर्षात आधी हे समजून घ्यायला हवं, की 'लोकांनी काय ऐकलं' ही यादीच तोवर संशयास्पद होती. दुकानदारांना विचारून, त्यांच्या अंदाजावर अल्बमचे क्रमांक लागत. मे १९९१ अखेरीस बिलबोर्डने साउंडस्कॅनची पद्धत स्वीकारली, म्हणजे बारकोडवरून झालेल्या खऱ्या विक्रीची मोजणी. पुढच्या काही आठवड्यांतच एन.डब्ल्यू.ए. या रॅप गटाचा अल्बम पहिल्या क्रमांकावर आला. सप्टेंबरमध्ये गार्थ ब्रुक्सचा कंट्री अल्बम आला तोच पहिल्या जागी. रॅप आणि कंट्री ऐकणारे आधीही होते, त्यांची गणती होत नव्हती. मागच्या वर्षांमधलं अंतर मी वर सांगितलं, त्यातलं थोडं या मोजणीच्या दोषाचंही असणार, हे ध्यानात ठेवायला हवं.

२४ सप्टेंबर १९९१ या एकाच दिवशी निर्वाणाचा 'नेव्हरमाइंड', अ ट्राइब कॉल्ड क्वेस्टचा 'द लो एंड थिअरी' आणि रेड हॉट चिली पेपर्सचा 'ब्लड शुगर सेक्स मॅजिक' बाजारात आले. त्याआधीच्या एप्रिलमध्ये मॅसिव्ह अटॅकचा 'ब्लू लाइन्स' आणि नोव्हेंबरमध्ये माय ब्लडी व्हॅलेंटाइनचा 'लव्हलेस' होता. रुंदी पाहिजे तर हेच वर्ष. त्या २०१५ च्या अभ्यासातही तीन मोठ्या वळणांपैकी सर्वांत मोठं १९९१ चं आहे.

अंतर मात्र होतं. ब्रायन ॲडम्सचं एकच प्रेमगीत ब्रिटनमध्ये सलग १६ आठवडे पहिलं होतं. आणि सीडीवर ७४ मिनिटं मावतात म्हणून ती भरायची सवय लागली. या वर्षातल्या कितीतरी अल्बममधली शेवटची चार गाणी मी निःसंकोच सोडून देईन. डिसेंबरमध्ये अमेरिकी न्यायालयाने परवानगीशिवाय दुसऱ्याच्या रेकॉर्डचा तुकडा वापरायला मनाई करणारा निकाल दिला, आणि शेकडो तुकडे विणून केलेलं हिप-हॉप परवडेनासं झालं. त्या शैलीचा बहर ऐकायचा तर १९९१ किंवा त्याआधीच जावं लागतं.

२०१६, थोडक्यात

डेव्हिड बोवीचा 'ब्लॅकस्टार', बियॉन्सेचा 'लेमोनेड', फ्रँक ओशनचा 'ब्लॉन्ड', सोलांजचा 'अ सीट ॲट द टेबल', लिओनार्ड कोहेनचा 'यू वॉन्ट इट डार्कर'. अल्बमच्या बाबतीत हे वर्ष जुन्या कुठल्याही वर्षासमोर मान खाली घालणार नाही. 'आता पूर्वीसारखं संगीत होत नाही' म्हणणाऱ्यांनी हे पाच सलग ऐकावेत. सिंगल्सची यादी मात्र रेंगाळणारी, एकसुरी. स्ट्रीमिंगमध्ये गाणं ३० सेकंद वाजलं की मोजलं जातं, त्यामुळे सुरुवातीलाच पकडून ठेवणारी आणि मग फारसं कुठे न जाणारी गाणी वाढली.

मग निवड

कामं करता करता ऐकणार असाल, एकेक गाणं आवडत असेल, तर १९८४. त्यातलं कुठलंही गाजलेलं गाणं लावा, निराशा क्वचितच होईल. मित्रांच्या आवडी वेगवेगळ्या असतील आणि सगळ्यांनी मिळून एक वर्ष घ्यायचं असेल, तर १९९१. संगीत कसं घडलं हे समजून घ्यायची ओढ असेल, तर १९६७. फक्त 'सार्जंट पेपर्स' मोनो, म्हणजे सगळा आवाज एकाच वाहिनीत असलेल्या, मिश्रणात ऐका, कारण बीटल्सनी स्वतः बसून केलं ते मोनो, स्टिरिओ नंतर त्यांच्यामागे उरकलं गेलं.

दिव्याखाली शांत बसून अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायची तयारी असेल, तर माझं मत १९७१ ला, आणि ठामपणे. अंतराच्या कसोटीवर ते १९८४ च्या मागे पडतं, हे मी मान्य करतो. पण १९८४ दहा दिवसांत ऐकून संपतं आणि १९७१ संपत नाही. सुरुवात 'टॅपेस्ट्री'ने करा, मग 'ब्लू', मग मार्विन गे. स्लाय स्टोनचा 'देअर्स अ रायट गोइंग ऑन' लगेच लावू नका. मार्विन गे पुरता मुरल्यावर लावा, कारण तो त्याच प्रश्नांना दिलेलं फार कडवट उत्तर आहे. आवृत्ती निवडताना आवाज मोठा करून दाबलेलं पुनर्मुद्रण टाळा, त्यात 'लेड झेपेलिन'चे जिन्यापाशी घेतलेले ढोल सपाट होतात. बोवीचा 'हंकी डोरी' शेवटी ठेवा. तो डिसेंबरमध्ये निघाला, तेव्हा फारसा खपला नाही, आणि १९७२ मध्ये लोकांच्या हाती पोचला.