चाचणी बोअर: हॅमर की रोटरी?

खान्देशात पाण्यासाठी चाचणी बोअर घ्यायचं तर आधी गाव विचारा. साक्री-धुळ्याकडे काळा पाषाण, तिथे हॅमरच, म्हणजे हवेच्या दाबावर ठोकत खडक फोडणारं यंत्र. कॉम्प्रेसरची हवा चुरा वर फेकते. दर १० फुटांना त्याचे छोटे ढीग ओळीने मांडले की लाल बोलचा (लाव्हाच्या थरांमधल्या लाल मातीचा) थर कुठे लागला, झिओलाइट खनिजाचे पांढरे कण कुठे आले, डोळ्यांना दिसतं. केसिंग (भोकाला आधार देणारा पाइप) वरच्या मुरमापुरतं, घट्ट खडकात नीट बसवलेलं. (खनिजासाठी अखंड गाभा हवा असेल तर मात्र डायमंड बिटच.)

यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात हे चालत नाही. तापीचा गाळ खोल. नुसत्या हवेवर भोक ढासळतं, हॅमर अडकतो. तिथे रोटरी, म्हणजे बिट फिरवत खोदणं. बेंटोनाइट या फुगणाऱ्या मातीचा चिखल फिरत राहतो, तोच भिंती धरतो. पण नमुना चिखलात मिसळतो, म्हणून केसिंग उतरवण्याआधी इलेक्ट्रिकल लॉगिंग (भोकात उपकरण सोडून थरांचा विद्युतरोध मोजणं) कराच. मग वाळूच्या थरासमोर जाळीचा पाइप, भोवती धुतलेली बारीक खडी.

खरी कसोटी सफाईची. हॅमरचं भोक हवेने लवकर निवळतं. रोटरीत बेंटोनाइटचा लेप राहिला तर पाण्याचा थरही कोरडा वाटतो आणि चांगली जागा बाद ठरते. पाणी बादलीत घ्या, तळाला बोट फिरवा. बुळबुळीत लागलं तर कॉम्प्रेसर थांबवू नका. गरज पडली तर लेप सोडवणारं सोडियम हेक्सामेटाफॉस्फेट टाका. गाळात स्वस्त म्हणून हॅमर नकोच.

आणि भोक कोणतंही असो, सोडून देताना तळापासून जमिनीपर्यंत भरा. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच तसं बजावलंय, लेकरं पडतात म्हणून.