चाओचोउचे चहागृह: तीन पेले आणि दोन सेनापती

चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातील चाओचोउ शहर गोंगफू चहासाठी, म्हणजे लहान चहादाणीत कौशल्याने चहा करून लहान पेल्यांत वाढण्याच्या रीतीसाठी, प्रसिद्ध आहे. तेथील जुन्या वस्तीतील एका लहान चहागृहाच्या सेवेविषयी हा अभिप्राय आहे.

मुठीत मावेल एवढी तांबड्या मातीची चहादाणी, तिच्यात दाबून भरलेली फंगहुआंग डोंगरावरील दानत्सोंग ऊलोंग या अर्धवट आंबवलेल्या चहाची पाने आणि एकमेकांना खेटून मांडलेले तीन पांढरे पेले, एवढाच येथील सरंजाम आहे. उकळते पाणी उंचावरून ओतले जाते आणि वर आलेला फेस झाकणाने बाजूला सारला जातो. मात्र खरे कौशल्य दिसते ते चहा पेल्यांत वाढताना. चहादाणी पेल्यांच्या अगदी जवळ आणून, हात न थांबवता, तिन्हींवरून गोल फिरवली जाते. या कृतीला ग्वान गोंगची नगरातील गस्त म्हणतात, कारण चहादाणी तांबडी असते आणि ग्वान गोंग, म्हणजेच इ. स. 220 मध्ये मारला गेलेला सेनापती ग्वान यू, लोकपरंपरेत तांबड्या चेहऱ्याचा मानला जातो. शेवटचे दाट थेंब मग एकेका पेल्यात मोजून सोडले जातात. ती हान शिनची सैन्यगणना. हान घराण्याचा संस्थापक लिउ बांग याच्या या सेनापतीला सैन्य जितके अधिक, तितके हवे होते, अशी त्याची ख्याती आहे. आरंभीची धार फिकी व अखेरची कडक असल्यामुळे या दोन कृतींखेरीज तिन्ही पेल्यांची चव सारखी होत नाही, आणि येथे ती खरोखरच सारखी होती. माझ्या मते या सेवेचे सर्वांत मोठे यश हेच आहे.

यजमान मात्र प्रत्येक हालचालीमागे प्राचीन चिनी युद्धशास्त्रकार सुन त्झूची युद्धनीती असल्याचे सांगू लागले, तेव्हा ते मला पटले नाही. सेनापतींची नावे समान वाटपाची रीत लक्षात ठेवण्यास उपयोगी पडतात, परंतु तेवढ्यावरून चहा हे युद्धशास्त्र ठरत नाही. शिवाय त्या विवेचनात पाने पाण्यात अधिक वेळ राहिली आणि तो चहा कडवट झाला. ऑलिव्हच्या बियांच्या कोळशाची पारंपरिक शेगडीही नव्हती. पाणी विजेच्या किटलीत तापवले जात होते.

एवढे असूनही मी हे चहागृह सुचवीन. जाणाऱ्यांनी मध आणि ऑर्किडच्या गंधाचा मिलानशिआंग हा प्रकार मागवावा, आणि चौघे असल्यास चौथा पेला मागू नये. पेले तीनच असतात, आणि पहिल्या फेरीत कोणी थांबायचे हे आपसात ठरवावे लागते.