मुंबई ते गोवा: विमान, रेल्वे, बस की घरची गाडी? कार्बनचा हिशोब

दिवाळीच्या सुट्टीत गोव्याला जायचं ठरलं की आमच्या घरी वाद होतो तो जायचं कशाने यावर. भाऊ विमानाची तिकिटं उघडून बसतो. वहिनीला गाडी हवी असते, कारण मुलं, त्यांचं सामान आणि कणकवलीचा मुक्काम. आई आणि मी रेल्वेच्या बाजूने. यंदा मी वही घेऊन बसले आणि प्रत्येक पर्यायाचा कार्बन मोजला. तुम्हीही हाच निर्णय घेत असाल तर हे आकडे कामाला येतील.

हिशोबाचा पाया साधा आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, डिझेलचा २.७ किलो, आणि एक किलो विमान-इंधनाचा ३.१६ किलो. पेट्रोलचं वजन लिटरला पाऊण किलो आणि वायू त्याच्या तिप्पट कसा, असं भाचीने विचारलं. उरलेलं वजन हवेतल्या ऑक्सिजनचं. आपल्याकडची वीज अजून बरीचशी कोळशाची, म्हणून एका युनिटमागे साधारण ०.७ किलो धरला. गाडीचं ॲव्हरेज आणि भरलेल्या जागा हे माझे अंदाज, तिथे तुमचे आकडे घाला.

एका बाजूच्या प्रवासाचं माणशी उत्तर असं आलं:

विमान: सुमारे ५० किलो
पेट्रोलची गाडी, एकटा माणूस: ९० किलो; तीच गाडी, चौघे: २२ ते २३ किलो
डिझेलची एसी स्लीपर बस: १३ ते १४ किलो
रेल्वे: १० किलोच्या आसपास

गाडीचा आकडा पाहून भाऊ खूश झाला, कारण एकट्याने गाडी नेणं विमानापेक्षाही वाईट निघालं. ५८० किलोमीटर, लिटरला १५चं ॲव्हरेज, म्हणजे ३९ लिटर. गाडीत दोघं असले तर विमानाशी जवळजवळ बरोबरी होते. चौघं असले तर विमानाच्या निम्म्याहून कमी. म्हणून ‘गाडी बरी की विमान’ या प्रश्नाला आधी ‘किती जण’ हे विचारावंच लागतं. विजेवरच्या गाडीची मला फार आशा होती. युनिटला साडेसहा किलोमीटर धरले तर ९० युनिटं, म्हणजे पूर्ण गाडीचा साठेक किलो. पेट्रोलपेक्षा एक तृतीयांश कमी, पण एकट्याने नेली तर तीही विमानाहून जड. घरच्या छतावर सौरऊर्जा असेल तर निदान निघतानाची बॅटरी स्वच्छ विजेवर भरेल.

विमानाबद्दल थोडं जास्त सांगते, कारण मोह तिथेच आहे. उड्डाण जेमतेम तासाभराचं, त्यातला मोठा वाटा वर चढण्यात जातो आणि सगळ्यात जास्त इंधन चढतानाच जळतं. त्यामुळे जवळचा विमानप्रवास दर किलोमीटरला लांबच्यापेक्षा महाग पडतो. १८० आसनांचं विमान या एका बाजूच्या उड्डाणात सुमारे २.४ टन इंधन जाळतं आणि दीडशे प्रवासी आहेत असं धरून मी ५० किलो काढले. उंचावर धुराच्या वाफेचे जे पांढरे पट्टे उमटतात तेही उष्णता अडवतात. ते या आकड्यात नाहीत.

आता वेळ. ठाण्याहून कांदोळीला विमानाने जायचं तर घर ते विमानतळ, तिथला दीड-दोन तासांचा थांबा, उड्डाण, सामान आणि मग उत्तर गोव्यातल्या मोपा विमानतळाहून टॅक्सी: सहा तास सहज जातात. मुंबई-गोवा वंदे भारत रेल्वे २७ जून २०२३ला सुरू झाली. पावसाळा सोडला तर मुंबई ते मडगाव पावणेआठ तासांच्या आसपास. उत्तर गोव्यात जायचं असेल तर थिवीलाच उतरायचं. घरापासून दारापर्यंत धरलं तर फरक तीन तासांचा राहतो. रात्रीची कोकणकन्या घेतली तर दिवसाचा वेळही फारसा जात नाही.

मोप्याहून दक्षिण गोव्यात जाणाऱ्यांनी एक गोष्ट बघावी. तिथून पाळोळ्याला टॅक्सीने शंभरेक किलोमीटर पडतात, म्हणजे सात लिटर पेट्रोल, १६ किलो. एकटे असाल तर मुंबईहून गोव्यापर्यंतच्या रेल्वेप्रवासाहून ही टॅक्सीच जास्त! काणकोण स्थानक मात्र पाळोळ्यापासून दोन-तीन किलोमीटरवर आहे. थेट गाडी नसेल तर मडगावला बदलावी.

रेल्वेचा आकडा इतका कमी कसा, हे मलाही नीट पाहायचं होतं. बावीस डब्यांची, साडेबाराशे टनांची गाडी गोव्यापर्यंत ओढायला माझ्या हिशोबाने साडेचौदा हजार युनिटं लागतात, वर एसीची वीज. पण आत बाराशे माणसं असतात आणि पोलादी रुळावर पोलादी चाकाला फार थोडं घर्षण सोसावं लागतं. कोकण रेल्वेचं विद्युतीकरण २०२२मध्ये पूर्ण झालं, त्यामुळे जसजशी आपली वीज स्वच्छ होईल तसतसा हा आकडा आपोआप उतरेल. विमानाला ती सोय नाही. डब्याचाही फरक पडतो: स्लीपरमध्ये ८० जागा, थर्ड एसीत ७२, सेकंड एसीत ५२, फर्स्ट एसीत फक्त २४. डब्याचं वजन थोड्याफार फरकाने तेच, वाटणी कमी माणसांत.

रेल्वेची अडचण तिकिटांची, हे मान्य. १ नोव्हेंबर २०२४पासून आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं, आणि दिवाळीतली जागा पहिल्याच दिवशी संपू शकते. चुकलं तर बस घ्या. वळणांचा रस्ता ज्यांना सोसतो त्यांना कार्बनच्या दृष्टीने ती जवळपास रेल्वेइतकीच चांगली.

मुक्कामही मोजला. खोलीतला एसी रात्रभर चालला तर आठेक युनिटं, साडेपाच किलो. सात रात्रींचे खोलीमागे ४० किलो, दोघांत वाटले तरी माणशी २०. म्हणजे रेल्वेने जाऊन येण्याइतके. नोव्हेंबरअखेरीस कौलारू घरात पंख्यावर झोप लागते आणि पंख्याला रात्रभरात एक युनिटही लागत नाही.

पर्यटनातून २०१९मध्ये जगाच्या हरितगृह वायूंपैकी सुमारे ८.८ टक्के आले. त्यातले मोठे वाटेकरी विमानं, पेट्रोलच्या गाड्या आणि वीज, म्हणजे वर मोजलेलेच तीन. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं ते मी विसरू शकत नाही. जुलै २०२४मध्ये पेडण्याच्या बोगद्यात पाणी झिरपून आमचा हाच रेल्वेमार्ग बंद पडला होता. ज्या कोकणातून आपण हौसेने जातो त्याला तापलेल्या हवेचा आणि बेफाम पावसाचा फटका बसतोच आहे, म्हणून मला हा हिशोब कोरडा वाटत नाही.

आम्ही सहा जण. विमानाने जाऊन येऊन ६०० किलो, रेल्वेने सुमारे १२०. वाचलेले ४८० किलो म्हणजे सरासरी भारतीयाच्या वर्षभराच्या सुमारे दोन टनांपैकी जवळपास पाव. भाऊ वर्षात तीनदा शनिवार-रविवार गाठून विमानाने गोव्याला जातो. एकट्याचेच ३०० किलो. त्याने यंदा त्या तीन फेऱ्या मोडून सलग आठ दिवसांची रजा टाकली आहे. वहिनीला कणकवली हवीच आहे, आणि वंदे भारत तिथे थांबते. जाताना दोन दिवस तिच्या माहेरी, मग पुढची गाडी. साठाव्या दिवशी सकाळी आठच्या आधी तिकिटांना बसायची जबाबदारी भाचीने घेतली आहे.