नवा अरेंजर की शिकवणी?

ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या भाच्याचा प्रश्न: यामाहाचा पीएसआर-एसएक्स७०० हा अरेंजर (आपोआप साथ देणारा कीबोर्ड) घेऊ, की जुन्या ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवरच शिकवणी लावू?

आवाजात महागडं मशीन जिंकतं, वाद नाही. पण स्टाइल, म्हणजे कीबोर्डची ताल-बासची तयार साथ, डाव्या हाताच्या कॉर्डमागे (एकत्र दाबलेल्या स्वरांमागे) चालते. कॉर्ड चुकला की बासही चुकतो, आणि चांगल्या स्पीकरवर ते जास्तच ऐकू येतं. सॅक्सोफोनचा टोन लावून तीन स्वर एकदम दाबले, श्वासाला जागाच ठेवली नाही, तर तो सॅक्सोफोन वाटतच नाही. मींडेला पिच बेंड (स्वर वर-खाली सरकवायची सोय) आहे, पण ती थांबवायची कुठे हे कानच सांगतो. खर्चात शिकवणी स्वस्त. मेहनत मात्र रोजची.

कॉर्ड पक्के असतील, फिल-इन (मधला छोटा तालाचा तुकडा) समेवर उतरत असेल आणि गाण्यागणिक सेटिंग बदलताना खोळंबा होत असेल, तर खुशाल नवा घे. नाहीतर आधी शिकवणी.