चेक परत आला तो धनत्रयोदशीला

त्या साहेबांनी पहिलं बिल इतकं पटकन दिलं की मीच ओशाळलो. ऑगस्ट 2023 ची गोष्ट. लोगोचे आठ हजार झाले होते. फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली आणि हातातला चहा संपायच्या आत खात्यात पैसे. आमच्या धंद्यात असं होत नाही. तीन फोन, एक चक्कर, मग 'शेठ बाहेरगावी गेलेत', हा क्रम ठरलेला. दुसरं बिल साडेचौदा हजारांचं, स्टॉल बुकिंगच्या ब्रोशरचं. तेही त्याच संध्याकाळी. घरी जाऊन बायकोला म्हटलं, असे चार क्लायंट मिळाले तर शाळांच्या अ‍ॅडमिशनचे फ्लेक्स करणं सोडून देईन.

नाशिकला कॅनडा कॉर्नरजवळ आमची जाहिरात एजन्सी आहे. एजन्सी म्हणजे मी, एक डिझायनर, आणि कॉपी लिहिणारा एक मुलगा. रिक्षा फिरवायची असली तर अनाउन्समेंटला आवाजही त्याचाच. लोगो, कॅटलॉग, द्राक्षाच्या पेट्या, हॉटेलांचे मेनूकार्ड, असली कामं. त्या दिवाळीआधी आमचे तीन लाखांच्या वर बुडाले.

साहेब बाहेरगावचे. गंगापूर रोडला चार दिवसांचं दिवाळी प्रदर्शन भरवायचं होतं: फर्निचर, कपडे, मसाले, खाण्याचे स्टॉल. माणूस बोलायला गोड. डिझायनरला 'ताई' म्हणायचा, आणि तिने 'दिवाळी'तल्या 'दि'च्या वेलांटीला आकाशकंदील टांगला तेव्हा ऑफिसात सगळ्यांसाठी पेढे घेऊन आला. खोटं कशाला बोलू, आम्ही भाळलो. आपलं काम कुणाला कळतंय म्हटल्यावर हिशोबाची वही जरा लांबच राहते.

प्रदर्शन 2 ते 5 नोव्हेंबरला. सप्टेंबरअखेर ते म्हणाले, "भाऊ, होर्डिंग, पेपर, रेडिओ सगळं तुम्हीच बघा. मी कुठे दहा लोकांशी बोलत बसू? एकच बिल करा, एकच चेक देतो." मला वाटलं, मोठं काम आलं. खरं म्हणजे इथेच मी धंदा बदलला होता आणि मला पत्ता नव्हता. तोवर मी डिझाइन विकत होतो. त्या दिवसापासून मी त्यांना उधार पैसे देत होतो.

बाहेरच्या लोकांना हे माहीत नसतं म्हणून सांगतो. पेपरमध्ये जाहिरात लावायची तर एजन्सी रिलीज ऑर्डर, म्हणजे जाहिरात छापायची लेखी ऑर्डर, काढते. मोठ्या एजन्स्यांना आयएनएसची, म्हणजे पेपरवाल्यांच्या संघटनेची, मान्यता असते, त्यांना पेपर उधारी देतात. आमच्यासारख्यांनी आधी पैसे भरायचे. रेडिओचंही तेच. होर्डिंगवाला आणि फ्लेक्सवाला ओळखीने थांबतात, पण ते माझ्या तोंडाकडे बघून. ऑर्डर माझ्या लेटरहेडवर, सही माझी. क्लायंट कोण, कुठला, याच्याशी त्यांना घेणं नाही, आणि त्यात त्यांचं चूकही नाही.

आकडे असे होते. पेपर 1,26,000, रेडिओ 64,900, मुंबई नाका, द्वारका आणि जेहान सर्कलच्या होर्डिंगचं भाडं 1,12,100, फ्लेक्स छपाई आणि चढवणं 52,400. आमची फी 70,000, वर 18 टक्के जीएसटी. सगळं मिळून 4,38,000. त्यातले 60,000 आगाऊ आले. बाकी 3,78,000 चा चेक त्यांनी मागायच्या आधीच काढून दिला, तारीख 9 नोव्हेंबर. "स्टॉलवाल्यांचे पैसे तोवर जमा होतात ना भाऊ." पटण्यासारखंच होतं.

तो चेक मी नीट बघितला नाही. रकमेकडे बघितलं, तारखेकडे बघितलं, पाकिटात घालून कपाटात ठेवला. चेक ज्या खात्याचा होता ते नाव आणि ज्या नावाने आम्ही बिल केलं ते नाव, दोन्ही वेगळी होती. सही तिसऱ्याच माणसाची. साहेबांचं स्वतःचं नाव एकाही कागदावर नव्हतं, फक्त त्यांनी दिलेल्या व्हिजिटिंग कार्डावर होतं. आणि ते कार्ड आम्हीच छापलेलं!

त्यांचा जीएसटी नंबरही बिलावर तसाच उतरवला. जीएसटीच्या वेबसाइटवर तो नंबर टाकला की धंद्याचं कायदेशीर नाव, नोंदणी चालू आहे की रद्द, रिटर्न भरलेत का, सगळं फुकट दिसतं. दोन मिनिटांचं काम. मी ते नोव्हेंबरच्या मध्यावर केलं. नोंदणी रद्द झालेली होती.

रविवारी रात्री प्रदर्शन संपलं. गर्दी चांगली झाली होती, हे मुद्दाम सांगतो, कारण 'धंदाच झाला नाही' अशी पुढे आवई उठली. सोमवारी सकाळी साडेनऊला सहज मैदानावर गेलो. बांबूचे खड्डे, कागदी प्लेटा, दोन कुत्री. एका बाजूला मंडपवाला, जनरेटरवाला आणि जेवणाचं कंत्राट घेतलेला दिंडोरीकडचा एक पोरगा, तिघे उभे. कुणी काही बोलत नव्हतं. मंडपवाल्याने खिशातून घडी घातलेला चेक काढून मला दाखवला. तारीख 9 नोव्हेंबर. जनरेटरवाल्याकडेही 9 नोव्हेंबर. त्या पोराने स्वतःचा चेक काढलाच नाही, नुसती मान हलवली. मंडपवाल्याची माणसं टेम्पो भरत होती आणि सामानावर ताडपत्री म्हणून आमच्या प्रवेशद्वाराचा फ्लेक्स बांधत होती. वेलांटीचा आकाशकंदील नेमका दोरीखाली आलेला.

फोन दुपारपर्यंत वाजत होता. मग बंद.

चेक तरीही 9 तारखेला भरला. 10 ला परत आला, खात्यात पुरेशी रक्कम नाही म्हणून. त्या दिवशी धनत्रयोदशी होती. सातपूरचा फ्लेक्सवाला संध्याकाळी दुकानाची पूजा आटोपून ऑफिसला आला, पैसे मागितले नाहीत, बसून राहिला. त्यापेक्षा मागितले असते तर बरं झालं असतं.

चेक परत आल्याचं बँकेकडून कळलं की 30 दिवसांत नोटीस जावी लागते, ती मिळाल्यावर समोरच्याला 15 दिवस, आणि त्यानंतर महिनाभरात कोर्टात तक्रार. यातली एक तारीख हुकली की कलम 138 ची, म्हणजे चेक न वटल्याची, केस लंगडी पडते. आमच्या वकीलबाईंनी तारखा सांभाळल्या, केस दाखल झाली. पण आरोपी चेकवर सही करणारा. आम्ही ज्यांना 'साहेब' म्हणत होतो ते या केसमध्ये कुठेच नाहीत. पोलीस ठाण्यातही जाऊन आलो. तिथे 'हा दिवाणी मामला आहे' हे वाक्य माझं बोलणं संपायच्या आत ऐकायला मिळालं.

लघुउद्योगांसाठी 2006 चा कायदा आहे. पैसे द्यायची मुदत फार तर 45 दिवस, त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. त्यासाठी उद्यम नोंदणी लागते. ती आधार नंबरवर ऑनलाइन होते, पैसे पडत नाहीत. आमची नव्हती. तीन वर्षं 'करू एकदा' म्हणत राहिलो आणि डिसेंबरात केली. वकीलबाई म्हणाल्या, काम झाल्यावर काढलेली नोंदणी त्याच कामाला लावायला गेलात तर समोरचा तिथेच अडवणार.

आणि जीएसटी. बिल ऑक्टोबरचं, म्हणून 20 नोव्हेंबरला आमच्या फीवरचे 12,600 सरकारला भरले. पैसे आले नाहीत म्हणून कर माफ होत नाही, हे सीएने दोनदा समजावलं. दुसऱ्यांदा जरा आवाज चढवून. आमची मेहनत बाजूला ठेवली तरी खिशातून 3,08,000 गेले. होर्डिंगवाल्याने थोडं सोडलं. फ्लेक्सवाल्याला दरमहा पाच हजार देत गेलो.

आता पेपर, रेडिओ, होर्डिंगचे पैसे क्लायंट थेट त्यांनाच देतो. नाहीतर पूर्ण रक्कम आधी माझ्या खात्यात येते, मगच रिलीज ऑर्डर निघते. दोन जुने क्लायंट यावरून रुसले. एक परत आला, एक नाही आला. ओपन फाइलही, म्हणजे ज्यात डिझाइन बदलता येतं ती मूळ फाइल, शेवटचा रुपया आल्याशिवाय देत नाही, पण ती झाली सत्तर हजारांची काळजी. मला बुडवलं ते उरलेल्या साडेतीन लाखांनी, जे माझ्या कामाचे नव्हतेच.

गेल्या उन्हाळ्यात जळगावहून एका मुलीचा फोन आला. तिचीही छोटी एजन्सी आहे. म्हणाली, "दादा, एका प्रदर्शनवाल्या पार्टीने जुनं काम म्हणून तुमच्या नाशिकच्या होर्डिंगचे फोटो दाखवले. त्यावर खाली तुमच्या एजन्सीचं नाव दिसलं, म्हणून नंबर शोधला. पार्टी कशी आहे?"

मी सगळं सांगितलं. चेक, तारीख, मैदान. पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही.

"पण दादा," ती म्हणाली, "पहिली दोन बिलं तर त्यांनी लगेच दिली."